भूगोल घेऊन नेदरलँड्सला यायचं म्हणतेस, तर

तू ऐरोलीची. भूगोलात एम.ए., वर जीआयएसचा, म्हणजे संगणकावरच्या नकाशाशास्त्राचा डिप्लोमा, ठाण्यातल्या एका सल्लागार कंपनीत ईआयए, म्हणजे प्रकल्पाचे पर्यावरणावरचे परिणाम मांडणाऱ्या अहवालांचे नकाशे करतेस. नवरा आयटीत, मुलगी नऊ वर्षांची. नेदरलँड्समध्ये मास्टर्स करून तिथेच राहावं का, या क्षेत्राला तिकडे किती वाव आहे आणि एकटं वाटतं का, असं विचारलंयस. ताई म्हणून विचारलंस, म्हणून मी तू म्हणतेय. मी नेरुळची, अशाच कामातून इकडे आले, आणि हा प्रश्न माझ्यापुरता अजून सुटलेला नाही. उत्तर लांबणार आहे.

व्हिसा, फी, शिष्यवृत्ती, पदवीनंतर नोकरी शोधायला मिळणारं वर्ष, हे सगळं सरकारी आणि विद्यापीठांच्या साइटवर नीट दिलंय. नियम सारखे बदलतात, तेव्हा ते तिथूनच घे.

कामाचं सांगते. नकाशा करणाऱ्या माणसासाठी हा देश सुखाचा आहे. अख्ख्या देशाची उंची विमानातून लेसरने मोजलेली आहे, अर्ध्या मीटरच्या जाळीत, आणि ती कुणालाही फुकट उतरवून घेता येते. मी पहिल्यांदा ती फाइल उघडली तेव्हा कुरणातले चर, बांधाचा उतार, कालव्याच्या कडेची पायवाट, सगळं स्क्रीनवर उठून दिसत होतं. आपल्याकडे एका भूखंडाच्या कंटूरसाठी, म्हणजे समान उंचीच्या रेषांसाठी, किती टेबलांवर फिरावं लागतं ते तुला मी सांगायला नको. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर इथेही तेच, पायथॉन तेच. वाटही जुनी आहे: डेहराडूनची आपली रिमोट सेन्सिंगची संस्था १९६६ मध्ये सुरू झाली ती डच सहकार्यानेच, आणि तेव्हा जिने मदत केली ती आयटीसी आज एन्सखेडेत ट्वेंटे विद्यापीठाचा भाग आहे.

नोकऱ्या आहेत. २९ मे २०१९ ला इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नायट्रोजन प्रदूषणाच्या परवानग्या देण्याची सरकारी पद्धतच रद्द केली. गोठा, रस्ता, वसाहत, काहीही बांधायचं तर जवळच्या संरक्षित निसर्गक्षेत्रावर त्यातून किती नायट्रोजन पडेल ते आधी मोजून दाखवा, असं झालं. कामं धडाधड अडली आणि ते मोजणाऱ्यांची मागणी वाढली. त्यावर १ जानेवारी २०२४ पासून पर्यावरण आणि जमीनवापराचे २६ कायदे एका कायद्यात आले, त्यामुळे नगरपालिकांना नकाशे आणि नियम यांची सांगड घालून देणारी माणसं हवी आहेत.

पण ही कामं डचमध्ये चालतात. पाण्याचा कारभार पाहणारी २१ जलमंडळं आहेत, काही कित्येक शतकं जुनी. त्यांचे अहवाल डच, सुनावण्या डच, शेतकऱ्यांबरोबरच्या बैठका तर बोलीभाषेतल्या. इंग्रजीवर चालणाऱ्या मोठ्या सल्लागार कंपन्या आणि संशोधन संस्था आहेत, तिथे तुला जागा मिळू शकेल. तिथे बांगलादेशचा, व्हिएतनामचा, मोझांबिकचा किनारा इथे बसून स्क्रीनवर पाहायचा. मी काही वर्षं तेच केलं. पगार चांगला, माणसं चांगली. तरी संध्याकाळी घरी जाताना वाटायचं, मी जगातल्या सगळ्या खाड्यांवर काम करतेय आणि एकही खाडी माझ्या ओळखीची नाही.

आपल्या विषयात अर्धी विद्या हत्यारांची असते आणि अर्धी जागेची. हत्यारं बॅगेतून येतात. जागेची ओळख येत नाही, आणि परक्या जागेशी ती करायला किती वर्षं लागतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आपले होल्डिंग पाँड घे. वाशी, नेरुळ, बेलापूर ही खाडीकाठची सखल जमीन, सिडकोने तिथे हे तलाव डच पद्धतीवर बांधले. भरतीच्या रेट्याने झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटी लागली की झडपा उघडून पाणी खाडीत जातं. मी इथे आले तेव्हा मुलाखतीत हे अभिमानाने सांगितलं होतं. समोरच्या बाईंनी विचारलं, मग तलावात गाळ किती साठतो? त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं, कारण दिवाळे गावच्या कोळीवाड्यातल्या एका मावशींनी मला ते जेट्टीवर बसून शिकवलं होतं. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी कुठवर चढतं, भांगाच्या लहान भरतीला कुठे थांबतं, कुठल्या तोंडाशी चिखल बसतो, त्यात खारफुटी कशी रुजते. डच तंत्राला आपल्या खाडीचा गाळ आणि ती खारफुटी मानवली नाही. तलाव भरत गेले, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने तर ते आणखी घट्ट केलं. आता गाळ काढायचा तर खारफुटी आड येते आणि नाही काढला तर पावसाळ्यात रस्त्यावर पाणी. हा गुंता सोडवायला खाडी आणि डच तंत्र दोन्ही कळणारी माणसं हवीत. तशी मी एक आहे, आणि मी इथे बसलेय.

ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. ही दुसरी बातमी मला फोनवर कळली. कॉलेजात आम्हाला सर्व्हे ऑफ इंडियाची ४७ एफ/१ ही शीट वाचायला होती, पनवेल-उरण बाजूची. २० मीटरच्या अंतराने कंटूर. उलवे टेकडीच्या रेषा मी ट्रेसिंग पेपरवर इतक्यांदा काढल्यात की आजही डोळे मिटून काढेन. विमानतळासाठी ती टेकडी कापली, उलवे नदी वळवली. गेल्या खेपेला आले तेव्हा गाडी थांबवून मी नुसतीच बघत राहिले होते. नवरा म्हणाला, चल, उशीर होतोय. विमानतळ नको होता असं माझं म्हणणं नाही. पण त्या जमिनीचा आधीचा आकार हाताला माहीत असलेली माणसं तिथे हवीत, आणि तू त्यातली एक आहेस.

मग मी भारत का सोडला? खरं सांगते. अहवालातला खारफुटीचा परिच्छेद एका प्रकल्पातून उचलून दुसऱ्यात टाकला जायचा, आणि ज्याचा प्रकल्प तोच आम्हाला पैसे देणार. पैसे इथेही प्रकल्पवालाच देतो. पण मोठ्या प्रकल्पांचे अहवाल एक स्वतंत्र आयोग तपासतो आणि काय कमी आहे ते जाहीर लिहितो. माझ्या नकाशातली एक चूक त्यांनी काढली तेव्हा मला आनंद झाला होता, कारण माझा नकाशा कुणीतरी शेवटपर्यंत वाचला होता.

आता कागदपत्रं. यावर कुणी बोलत नाही म्हणून सांगते. आपल्याकडे जन्म झाल्यावर रुग्णालयातून नोंद होते तेव्हा बाळाचं नाव ठरलेलं नसतं. माझ्या दाखल्यावर नाव नव्हतंच, नुसतं ‘स्त्री’ आणि वडिलांचं नाव. जन्म कोकणातल्या एका गावचा. तिथल्या कचेरीत आई माझ्यासाठी खेटे घालत राहिली, कारण मी इथे अडकलेली. कधी साहेब नाहीत, कधी रजिस्टर बांधणीला गेलंय. त्या उन्हाळ्यात तिचे गुडघे फार दुखत होते आणि ती मला फोनवर तसं सांगायची नाही, शेजारच्या काकूंकडून कळलं. त्या कागदासाठी मी कुणाला माफ केलेलं नाही. नाव चढलं, मग मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का, आणि मग इथल्या नगरपालिकेत नवा घोळ: पासपोर्टवर सासरचं नाव, दाखल्यावर माहेरचं. इथे नोंदवहीत बाईचं जन्माचं आडनावच धरतात. घरी येणाऱ्या सरकारी पत्रांवर बाबांचं आडनाव यायला लागलं. बाबा तेव्हा नुकतेच गेले होते. ती पाकिटं मी बरेच दिवस टाकली नाहीत.

मुलीचं मात्र नीट ऐक, कारण माझा मुलगाही नऊ वर्षांचाच होता.

इथे साधारण बाराव्या वर्षी, प्राथमिक शाळेच्या आठव्या गटात, मुलाचा रस्ता ठरतो. चार वर्षांचा व्यवसायाकडे नेणारा, पाच वर्षांचा मधला आणि सहा वर्षांचा थेट विद्यापीठाकडे नेणारा. यात शिक्षकांच्या सल्ल्याला मोठं वजन असतं. माझा मुलगा पहिलं वर्ष परदेशी मुलांच्या भाषावर्गात होता, मग नेहमीच्या वर्गात. त्याला तीसपर्यंत पाढे येत होते. पण इथली गणितं म्हणजे गोष्टी असतात: दुकानातली सूट, आजीचा केक, दोन सायकली. आकडा त्याला क्षणात यायचा, गोष्ट कळायची नाही. शेवटच्या वर्षी पालकांना बोलावलं, लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसवलं, दहा मिनिटं दिली. बाई प्रेमळ होत्या. म्हणाल्या, मुलगा गोड आहे, पहिल्या रस्त्यावर तो आनंदात राहील. मी विचारलं, भाषा येईपर्यंत थांबता येणार नाही का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, इथे सगळ्या रस्त्यांना सारखाच मान आहे. पुढचे पालक दारात उभे होते.

तो आता सतरा वर्षांचा आहे. पहिल्या रस्त्याचा वरचा विभाग पूर्ण करून मधल्या रस्त्यावर गेलाय, एक वर्ष जास्त लागलं इतकंच. त्याला विचारलंस तर म्हणेल, आई उगाच धरून बसलीय. मित्र आहेत, फुटबॉल आहे, त्याचं बरं चाललंय. माझ्या मनातून मात्र ती दहा मिनिटं जात नाहीत. आमच्या वेळेपेक्षा नियम आता बरा आहे: चाचणीचा निकाल वरचा आला तर शाळेला सल्ला वर न्यावा लागतो, नाहीतर कारण द्यावं लागतं. तरी तू यायचं ठरवलंस तर मुलीला आजपासून डच सुरू कर, शब्दांचीच गणितं करून घे, आणि माध्यमिकला दोन स्तर एकत्र असलेला पहिला वर्ग असणारी शाळा शोध. तिथे निर्णय पुढे ढकलता येतो. वर्षभराने येण्यापेक्षा यंदाच आलीस तर तिला तेवढं वर्ष जास्त मिळेल. आणि तेरा-चौदाची झाल्यावर येणार असशील तर मी नको म्हणेन.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. नोव्हेंबरात साडेचार-पाचला अंधारतं. गणपतीला मराठी माणसं भेटतात, मोदक होतात, फोनवर आई दिसते. त्याची सवय होते.

तेव्हा माझं मत असं. कोड आणि उपग्रहचित्रं तुला मनापासून आवडत असतील, जमीन कुठलीही चालत असेल, तर ये, इथे चांगलं शिकशील आणि चांगलं कमावशील. खाडीवर जाऊन चिखलात उभं राहणं आवडत असेल तर मास्टर्सपुरती ये, आणि अर्ज करण्याआधी विद्यापीठाला विचार की प्रबंध ठाणे खाडीवर करू देतील का. इथे मार्गदर्शकांना अशा विषयात रस असतो. मग इथला आकडा आणि तिथला चिखल दोन्ही हातात घेऊन परत जाता येईल. मी गेले नाही. गृहकर्ज आहे, मुलाची दोन वर्षं आहेत, नवऱ्याला इथे बरं वाटतं. दर पावसाळ्यात विषय निघतो आणि दिवाळीपर्यंत मागे पडतो.

कुठल्या प्रकारच्या प्रकल्पांचे नकाशे केलेस, भरतीरेषेवर काम केलंयस का, ते कळव, म्हणजे कुठल्या शाखेला अर्ज करावा ते नेमकं सांगता येईल. आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव चढलंय का, ते आजच काढून बघ.