टर्कीची नवी पिसं आणि नवा तोरा

पावसाळा सरता सरता टर्की जुनी पिसं टाकते आणि थंडी पडेपर्यंत अंगावर नवी येतात. त्यामुळे या महिन्याच्या पत्रांत सूर एकच आहे: पक्षी पहिल्यासारखा वागत नाही. कारणं मात्र दर पत्रागणिक वेगळी निघाली.

प्रश्न: एप्रिलमध्ये टर्कीचं एकच पिल्लू आणलं, घरातच माणसांत वाढवलं. नर निघाला. ऑक्टोबरात पिसं झडली, दिवाळीनंतर चकचकीत नवी आली आणि तेव्हापासून तो सासूबाईंच्या अंगावर धावून जातो. मला काही करत नाही, माझ्यापुढे नुसता पिसारा फुलवून फिरतो. पिसं झडताना दुखलं म्हणून राग धरलाय का? (एक वाचक, सासवड)

उत्तर: राग नाही, तो वयात आलाय. पिल्लाची पिसं मोठं होईपर्यंत टप्प्याटप्प्याने बदलतात. तुम्ही पाहिलीत ती त्यातली शेवटची खेप. नर साधारण सात महिन्यांचा झाला की प्रौढ होतो, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच सुमाराला आल्या आणि दोष पिसांवर गेला. मोठ्या नराचंही असंच असतं. पिसं बदलताना प्रजननाची संप्रेरकं ओसरलेली असतात, म्हणून त्या दोन-तीन महिन्यांत तो गरीब वाटतो. डिसेंबरअखेरीनंतर दिवस मोठा होऊ लागला की तीच संप्रेरकं पुन्हा चढतात.

एकट्याने माणसांत वाढलेला नर माणसांनाच आपल्या जातीचं समजतो. तुमच्यापुढे पिसारा फुलवतो, कारण तुम्ही त्याच्या लेखी मादी आहात. सासूबाई प्रतिस्पर्धी नर. पिसारा फुललेला, चोचीवरची सोंड लांब लोंबलेली आणि डोक्यावर निळा-पांढरा रंग असेल तर तो मिरवतोय. डोकं लालभडक, मान पुढे आणि घशातून घरघर सुरू झाली, तर पुढच्या क्षणी झेप येणार असं धरा.

अशा वेळी पळू नका आणि लाथही मारू नका. पळालात तर तो जिंकला, मारलंत तर लढाई सुरू झाली. दोन्हींतून त्याला उद्या पुन्हा यायचं कारणच मिळतं. दोन फूट बाय तीन फुटांचा प्लायवूडचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा दाराशी ठेवा. तो आला की फळी मध्ये धरून सावकाश, एकेक पाऊल त्याच्याच दिशेने चाला, तो पिसं मिटून बाजूला वळेपर्यंत. मग त्याच्यावर नजर ठेवत तिरकं निघून जा. हे घरातल्या प्रत्येकाने एकाच पद्धतीने करायचं. एकाने फळी धरायची आणि दुसऱ्याने हातावर दाणे भरवायचे, असं झालं तर काही साधत नाही. या दिवसांत हाताने भरवणं बंदच ठेवा. गाडीचा चकचकीत दरवाजा, काचेचं दार, खाली टेकवलेला आरसा झाकून टाका. आपल्याच प्रतिबिंबाशी तासभर भांडून तापलेला नर नंतर समोर दिसेल त्याच्यावर राग काढतो. लहान मुलांना त्याच्या अंगणात एकटं सोडू नका, कारण त्याची चोच त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येते.

खरा उपाय जोडीचा. एका नरामागे चार-पाच माद्या हा नेहमीचा हिशेब. एकच मादी आणलीत तर नराच्या नखांनी तिची पाठ सोलून निघते. नवे पक्षी महिनाभर लांब ठेवा, मग आठवडाभर जाळीपलीकडून ओळख होऊ द्या आणि नंतरच एकत्र सोडा. सोबतीला कोंबड्या मात्र आणू नका; त्याचं कारण खाली तिसऱ्या उत्तरात आहे.

प्रश्न: दोन वर्षांची पांढरी बेल्ट्सव्हिल मादी आहे. गेल्या वर्षी पंख कापले होते, वर्षभर शांत होती. आता पिसं बदलल्यावर रोज संध्याकाळी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर जाऊन बसते. बिघडली का? (एक वाचक, बदलापूर)

उत्तर: बिघडली नाही, तिचे पंख परत आले. कापलेलं पीस वाढत नाही. ते गळून त्या जागी पूर्ण लांबीचं नवं येतं. म्हणजे पंखकापणी टिकते पुढच्या पीसगळीपर्यंतच. बेल्ट्सव्हिल ही हलकी जात, मादी चार-पाच किलोंची. तिला पत्रा अवघड नाही. आणि रात्री उंचावर बसणं हा टर्कीचा मूळ स्वभावच आहे.

पुन्हा कापायचे असतील तर घाई करू नका. नव्या पिसाच्या दांडीत वाढ पुरी होईपर्यंत रक्त असतं. पंख उजेडाकडे धरून पाहा. दांडी निळसर-काळपट दिसली तर थांबा. पांढरी, पारदर्शक झाली की कापायला हरकत नाही. एकाच पंखाची बाहेरची सात-आठ मोठी पिसं, त्यांच्यावरच्या लहान पिसांच्या रेषेबाहेर कापा. दोन्ही पंख कापलेत तर तोल राहतो आणि पक्षी धडपडत का होईना उडतो. पण कापण्याआधी तिला बसायला जागा करून पाहा: जमिनीपासून तीन फुटांवर, तीन इंच रुंद सपाट लाकडी पट्टी, वर छप्पर. त्यावर बसायला लागली तर कात्री लागणारच नाही. पंख कापलेला पक्षी कुत्र्यापासून पळू शकत नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न: पिसं झडणं संपत आलं, तरी नर कोपऱ्यात उभा राहतो. आधी मांडीवर यायचा, आता हात लावला की चोच मारतो. खाणंही कमी. आजारी आहे की लहर? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर: आधी अंग तपासा. मानेवर, पाठीवर काट्यांसारखी टोकं दिसतात का? ती उगवती पिसं. त्यांच्या मुळाशी रक्त असतं आणि दाबली की चांगलीच दुखतात. कुरवाळणं बंद करा, पाठीवरून हात फिरवू नका. दोन-तीन आठवड्यांत वरचं आवरण गळून पिसं उलगडतात आणि तो आपणहून जवळ येतो. एखादं पीस मोडून रक्त आलं तर मक्याच्या पिठाची चिमूट लावून स्वच्छ फडक्याने पाच मिनिटं दाबा. न थांबल्यास डॉक्टर. तोवर त्याला इतर पक्ष्यांपासून वेगळं ठेवा, लाल दिसलं की ते टोचत सुटतात.

पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, त्यामुळे या काळात खाद्यात 18 ते 20 टक्के प्रथिनं हवीत. नुसता मका-तांदूळ खाणाऱ्या पक्ष्याची पिसं रखडतात आणि तो स्वतःची किंवा शेजाऱ्याची पिसं चावायला लागतो. आठवड्यातून दोनदा एक उकडलेलं अंडं, मूठभर भिजवलेल्या सोया वड्या, शेवग्याचा किंवा मेथीचा पाला द्या. खारवलेली सुकी मासळी आणि कच्चं सोयाबीन नको. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य नराला वर्षभर घालू नका, त्यातलं जादा कॅल्शियम मूत्रपिंडांवर येतं. ब्रॉयलरचं खाद्य घेतलंत तर पोत्यावरची चिठ्ठी वाचा: सॅलिनोमायसिन असेल तर ते पोतं परत करा. कोंबडीला चालणारं ते औषध टर्कीला, विशेषतः मोठ्या पक्ष्याला, विषारी ठरतं.

कोकणात आणखी एक शंका घ्यायला हवी, बुरशीची. ओल लागलेला मका आणि शेंगदाण्याची पेंड यांत अफ्लाटॉक्सिन तयार होतं, आणि टर्की त्याला फार नाजूक. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की अशाच पेंडीमुळे मेल्या. या विषाचा शोध लागला तो त्या घटनेच्या तपासातून. खाद्याला कुबट वास येत असेल तर वाळवून वापरू नका, फेकून द्या. उन्हाने बुरशी मरेल, विष तसंच राहतं.

वजन दर आठवड्याला करा: पक्ष्याला घेऊन काट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं लागत असेल तर ही लहर नाही. रात्री बॅटरी लावून शेपटीखाली उवा पाहा. गुरांचं गोचिडाचं औषध मात्र अंदाजाने फवारू नका. डोक्यावर खरखरीत खपल्या असतील तर त्या टोचल्याच्याच असतील असं नाही, डासांमुळे पसरणारी देवीही असू शकते. आणि विष्ठा गंधकासारखी पिवळी, पंख लोंबलेले, मान आत ओढलेली दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. हे ‘ब्लॅकहेड’ या रोगाचं लक्षण असू शकतं. कोंबड्यांच्या आतड्यातल्या कृमींमधून तो येतो, कोंबडी स्वतः बहुधा ठणठणीत दिसते, आणि कृमींची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून जिथे कोंबड्या होत्या त्या अंगणातही टर्की सोडू नये.

प्रश्न: मादीच्या पाठीवर हात ठेवला की ती एकदम खाली बसते, पंख पसरते. पिसं येण्याआधी असं करत नव्हती. पायात कमजोरी आहे का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर: हात काढल्यावर उठून, अंग झटकून नीट चालते ना? मग पाय ठीक आहेत. ती नरासाठी बसतेय, लवकरच अंडी घालेल. पाठ थोपटणं थांबवा, छातीकडून किंवा मानेशी हात लावा. शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात दोन फूट लांब-रुंद खोकं ठेवून त्यात भाताचं तूस किंवा पेंढा घाला, आणि आता तिला अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य किंवा वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा सुरू करा. उठताना लंगडली किंवा हात न लावताही बसून राहिली, तर मात्र तळपायाला सूज आहे का आणि अंडं अडकलंय का, हे पशुवैद्याकडून लगेच पाहून घ्या.