इंदूरमध्ये भाड्याच्या गाळ्यात तोडफोड करायला मालकांचा तोंडी होकार पुरतो का?

राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्यातला गाळा घेताय, मधली भिंत काढून पोटमाळा टाकायचाय, आणि मालक म्हणताहेत, "करा काय करायचं ते." एवढ्यावर कामाला हात घालू नका. मी इथे दुकानांच्या फर्निचरची कामं घेतो. मालक-भाडेकरूंची भांडणं बहुतेक अशा तोंडी होकारावरूनच पेटलेली पाहिली आहेत.

मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ च्या कलम १२ मध्ये जागा खाली करून घ्यायची जी कारणं आहेत, त्यात हेही आहे: मालकाच्या लेखी परवानगीशिवाय असं बांधकाम करणं, ज्याने जागेत मोठा बदल होऊन मालकाच्या हिताला बाध येईल किंवा जागेची किंमत बरीच उतरेल. आजचे मालक सज्जन असतील, पण उद्या वाडा मुलांच्या नावावर होईल किंवा विकला जाईल. नव्या माणसाला तुमचं काय बोलणं झालं होतं ते कुठून कळणार? वाडा भावाभावांत सामाईक असेल तर सह्या सगळ्यांच्या घ्या.

'दुरुस्तीस हरकत नाही' असला मोघम कागद कामाचा नाही. गाळ्याचा साधा नकाशा काढा. कुठली भिंत, किती फूट, पोटमाळा किती उंचीवर, खर्च कोणाचा, जागा सोडताना काय न्यायचं आणि काय पूर्ववत करून द्यायचं, सगळं लिहा. कामाआधीचे फोटो जोडा. किरायानामा अजून व्हायचा असेल तर हे त्यातच घालून घ्या, ते उत्तम.

भिंतीची मला खरी काळजी वाटते. वर बघा: लाकडी तुळईचं टोक त्या भिंतीत शिरलेलं दिसतंय का? दिसत असेल तर वरचा मजला तिच्यावर उभा आहे. मग मालकांनी सही केली तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक वीटही काढू नका. नगर निगमची परवानगी लागेल का, तेही इंजिनिअरलाच विचारा. वर कुणीतरी राहत असतं हो!

पोटमाळ्याचं सोपं आहे. लोखंडी सांगाडा जमिनीवरच्या खांबांवर उभा करा, नट-बोल्टने जोडा. चॅनल भिंतीत घुसवून सिमेंटने पक्कं करू नका. उद्या वाद झालाच, तर इमारतीला धक्का न लावता काढता येणारं काम आणि पक्कं बांधकाम यांत कोर्ट फरक करतं.

आणि चावी देण्याआधी सांगाडा, रॅक, एसी उतरवून घ्या, भोकं बुजवा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर, जागेला जोडलेल्या आपल्या वस्तू भाडेकरूला ताबा असेपर्यंतच काढता येतात, आणि जागा मिळाली तशी ठेवून. एकदा चावी हातातून गेली की तो हक्क राहत नाही.