मामांच्या मृत्युपत्राचं प्रोबेट घ्यावं की फ्लॅट विकून मोकळं व्हावं?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. अविवाहित मामा गेले. मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारी व्यक्ती, म्हणून ताईंचं नाव आहे. फ्लॅट आणि उरलेल्या ठेवी ताई आणि मावसबहिणीला निम्म्या-निम्म्या, पाच लाख गावच्या शाळेला. आई आणि मावशी हयात नाहीत. डोंबिवलीच्या धाकट्या मामांना काहीच नाही आणि ते म्हणतात, ‘मृत्युपत्र खरं कशावरून?’ सोसायटीने प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, मागितलंय. वकिलांनी सगळे मिळून दोन लाख सांगितले. एक खरेदीदार प्रोबेटशिवाय ७८ लाख द्यायला तयार आहे, बाजारभाव ९० लाख. मामांची १४ लाखांची एफडी आहे, नॉमिनी ताईच. स्वतःची एफडी मोडून प्रोबेट घ्यावं की फ्लॅट देऊन टाकावा?

ताई, प्रोबेट घ्या. स्वतःच्या एफडीला मात्र हात लावू नका.

कायद्याने ठाण्यात केलेल्या मृत्युपत्रातल्या ठाण्याच्या मालमत्तेला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. मुंबईत होती, तीही डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम २१३ वगळल्यावर गेली. म्हणून घरात सगळ्यांचं एकमत असतं तर हा खर्च करा असं मी म्हटलं नसतं. तुमच्याकडे ते नाही. मृत्युपत्र नसतं तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे सगळी मालमत्ता धाकट्या मामांकडेच गेली असती, कारण भाऊ हयात असताना भाच्यांचा नंबर लागत नाही. आज फ्लॅट विकलात आणि उद्या ते कोर्टात गेले, तर खरेदीदार तुम्हालाच पकडेल. शिवाय १२ लाखांचं नुकसान एकट्या तुमचं नाही. त्यातले सहा लाख मावसबहिणीचे आहेत आणि एक्झिक्युटर म्हणून तिला उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

दोन लाखांत कोर्ट फी किती, हे वकिलांकडून लिहून घ्या. महाराष्ट्रात प्रोबेटच्या कोर्ट फीला ७५ हजारांची कमाल मर्यादा आहे, शहरातला कुठलाही फ्लॅट तिथपर्यंत पोचतोच. बाकीची वकिलांची फी आणि नोटिसांचा खर्च. त्यावर बोलणी करता येतात. धाकट्या मामांनी हरकत घेतली तर हा अर्ज दाव्यासारखा चालतो, मग वर्षं आणि पैसे दोन्ही वाढतात. त्या परिस्थितीतली फी आत्ताच ठरवून घ्या. मृत्युपत्रावर सही केलेल्या दोन साक्षीदारांना या आठवड्यात भेटा. वयस्कर असतील तर त्यांचं शपथपत्र लांबणीवर टाकू नका. सगळा अर्ज त्यांच्या शब्दावर उभा राहणार आहे.

आता पैसे कुठून आणायचे. प्रोबेटचा खर्च कायद्यानेच मयताच्या मालमत्तेतून जातो. मामांची एफडी नॉमिनी म्हणून तुम्हाला मिळेल, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ती रक्कम तुम्ही फक्त सांभाळायची आहे. वेगळं बचत खातं उघडा, सगळे पैसे त्यातच ठेवा, प्रत्येक पावती जपा. मामांचं एटीएम कार्ड वापरू नका. प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टाला द्यावा लागतो.

त्या खात्यातून देण्याचा क्रमही ठरलेला आहे: आधी अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग प्रोबेटचा, मग शेवटच्या तीन महिन्यांत कामाला असलेल्यांचा थकलेला पगार. मामांचं करणाऱ्या बाईंचे पैसे राहिले असतील तर क्रेडिट कार्डवाल्या बँकेच्या आधी त्यांचे द्या, कायदाही तेच सांगतो आणि मला ते मनापासून पटतं. नंतर बाकी कर्जं, सोसायटीची थकबाकी. शाळा आणि तुम्ही दोघी शेवटी. कर्जं फेडण्याआधी वाटप केलंत तर कमी पडलेली रक्कम तुमच्या खिशातून जाऊ शकते. शाळेचे विश्वस्त घाई करतील, पण मृत्यूपासून वर्षभर वाटप करायला एक्झिक्युटर बांधील नसतो.

वारसा कर आपल्याकडे नाही. मात्र १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या मामांच्या उत्पन्नाचं विवरणपत्र तुम्हाला कायदेशीर प्रतिनिधी म्हणून भरावं लागेल, त्यासाठी आयकर पोर्टलवर आधी नोंदणी करा. त्यानंतरचं व्याज मालमत्तेचं उत्पन्न म्हणून वेगळं दाखवायचं, ते सीएकडे द्या.

आणि कोर्टाची नोटीस जाण्याआधी एकदा डोंबिवलीला धाकट्या मामांकडे जाऊन या. मृत्युपत्राची प्रत त्यांच्या हातात ठेवा, साक्षीदार कोण ते सांगा. त्यांनी ना-हरकतीचं शपथपत्र दिलं तर वकिलांना फी कमी करायला सांगता येईल.