शाळेत मुलांच्या आरोग्यासाठी कोणते उपक्रम घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की सहावी ते आठवीच्या शाळेत नुकतेच रुजू झालात, आरोग्याचं काम गळ्यात पडलंय आणि काहीतरी नावीन्यपूर्ण हवंय. नावीन्य राहू द्या. दर सोमवारी शाळेत वाटतात ती लोहाची निळी गोळी पोरींच्या पोटात खरंच जाते का, तेवढं बघा.

मी मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. लोहाच्या गोळ्या आल्या तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी वाटप परिपाठालाच ठेवलं. प्रतिज्ञा, सुविचार, गोळी. त्यांचं कारणही खोटं नव्हतं. परिपाठाला सगळी हजर असतात, मोठ्या सुट्टीत पांगतात आणि रजिस्टर अर्धवट राहतं. मी म्हटलं, सर, अनशापोटी नको, योजनेच्या पुस्तिकेतच जेवणानंतर द्या म्हटलंय. तर म्हणाले, "मॅडम, गोळी आहे, पंगत नाही."

नोव्हेंबर होता, कापसाची वेचणी जोरात. आया उजाडायच्या आत शेतात गेलेल्या, पोरी कोऱ्या चहावर शाळेत. सातवीतली एक रांगेतच ओकली. नुसता चहा आणि त्यात निळसर झालेली अर्धी गोळी. ते बघून दुसरीला मळमळलं, मग सात-आठ जणी मटकन खाली बसल्या. त्यातल्या निम्म्या नुसत्या घाबरल्या होत्या हे मला तेव्हाही कळत होतं, पण तोंडावर पाणी मारताना ते सांगणार कुणाला? अर्ध्या तासात फाटकाशी गाव जमलं. पुढं पोरं होऊ नयेत म्हणून सरकार ही गोळी देतंय, असं कुणीतरी बोललं आणि झालं! बाया पोरींना हाताला धरून घरी घेऊन गेल्या.

पुढच्या सोमवारी रजिस्टरात शंभर टक्के. आणि सातवीच्या खिडकीमागच्या नालीत निळे ठिपके. काडीनं उकरून मोजल्या, एकवीस. डबीत घालून सरांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी डबी कपाटात टाकली आणि रजिस्टरवर सही केली.

मग मी माझ्या वर्गापुरतं बदललं. खिचडी झाली की ताटं धुवायच्या आधी पहिली गोळी मी सगळ्यांसमोर गिळायची. शिक्षकांनीही खावी असं योजनेतच आहे, खातं कुणी नाही. मग एकेकीला पाण्याबरोबर, जीभ बाहेर काढून दाखवायची आणि वर लिंबाची फोड, लोह अंगी लागायला बरं. शौचाला काळं होतं हे आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी आई दारात. त्या वर्षी माझ्या वर्गात पुन्हा कुणी ओकलं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींचं रक्त कमी निघालं. तुमच्या आठवीतल्या पोरी एक-दोन वर्षांत त्याच वयात जातील. नुसत्या गोळीनं सगळं भागत नाही, ताटातही काही असावं लागतं, मान्य. पण नालीत गेलेल्या गोळीनं काहीच भागत नाही.

बाकी योग दिन, हात धुण्याचे फोटो, आरोग्याची रांगोळी हे करावंच लागतं, वरून मागतात. फक्त फोटोच्या दुसऱ्या दिवशी नळापाशी साबण आहे का आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, ते बघा. कडी नसली की पोरी दिवसभर पाण्याचा घोट घेत नाहीत. १० फेब्रुवारीची जंताची गोळी चावून खायला लावा, ती गिळायची नसते.

परवा एका लग्नात सर भेटले. ते निवृत्त, मीही निवृत्त. जेवायला शेजारी बसलो. मठ्ठा संपवून त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. मी विचारलं, जेवणानंतरची का? "हो ना, रिकाम्या पोटी फार त्रास होतो." मी जिलेबी वाढून घेतली. तुम्ही मात्र तुमच्या मुख्याध्यापकांशी पहिल्या सोमवारच्या आतच बोलून घ्या.

ता. क. ताप असेल त्या दिवशी गोळी नको. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (रक्ताचे आनुवंशिक आजार) असलेल्या मुलीला शाळेत येणाऱ्या आरोग्य तपासणी पथकाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. हे वरच लिहायला हवं होतं.