तीन दिवसांची उचकी आणि मोडलेली झोप

प्रश्न : माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत. रविवारी रात्री कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाताना त्यांना लागलेली उचकी आज तिसऱ्या दिवशीही थांबलेली नाही. डोळा लागतो न लागतो तोच ते दचकून उठून बसतात. घरातले ‘कोणीतरी आठवण काढत असेल’ म्हणून हसण्यावारी नेतात. काळजीचे कारण आहे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आठवण काढणारा इतका चिकाटीचा नसतो! ४८ तासांहून अधिक टिकलेली उचकी तपासून घ्यावी, हा वैद्यकातील सर्वमान्य संकेत आहे. श्वासपटल एकाएकी आकुंचन पावते आणि लगेच स्वरयंत्राचे दार मिटते, त्यामुळे ‘हिक्’ असा आवाज होतो. झोप गाढ होत जाते तशी उचकी सहसा विरळ होते. म्हणूनच ती झोपेतही चालू राहिली, तर डॉक्टर मानसिक ताणापेक्षा शारीरिक कारणाचा, म्हणजे आम्लपित्त, मूत्रपिंडाचे विकार, रक्तातील क्षारांचा बिघाड किंवा मेंदूच्या आजाराचा, विचार आधी करतात, अर्थात एवढ्यावरून निदान ठरत नाही. सासऱ्यांना उद्याच दाखवा. चालू असलेल्या औषधांची यादी सोबत न्या, कारण स्टेरॉइडसारख्या काही औषधांनीही उचकी लागते. तोवर रात्रीचे जेवण लवकर व थोडे द्यावे आणि उशाकडची बाजू उंच ठेवावी. मात्र बोलणे अडखळू लागले, तोल गेला किंवा छातीत दुखले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.