पाटीवर नाव

चि. मुली,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. ‘काका, खोली झकास आहे, भाडं परवडतंय, फक्त त्या पत्त्यावर नावाची सरकारी नोंदणी, ती आनमेल्डुंग, होणार नाही म्हणतात. चालेल ना?’

नाही चालणार.

स्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे, म्हणून तिथे आपले लाड होतील असं समजू नकोस. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरब्युरोत, म्हणजे तिथल्या नागरिक कार्यालयात, नाव नोंदवायचं. नुसता भाडेकरार पुरत नाही. १ नोव्हेंबर २०१५ पासून घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. इथे दादरला लिव्ह अँड लायसन्स नोंदवायची जबाबदारी मालकाची, तिथे स्वतःची नोंदणी तुझी तू करायची. ती नसेल तर टॅक्सचा नंबर रखडतो, पुढे निवास परवानाही.

आणि तो मित्र, ‘माझ्या पत्त्यावर नाव लाव, राहा कुठेही’ म्हणणारा? राहणार नसलेल्याला पत्ता वापरू देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड आहे. त्याला कळव, बिचाऱ्याला माहीत नसेल.

जिथे नाव लागत नाही ते घर आपलं नाही. गिरगावातली आमची खोली पागडीची. पैसे बाबांनी भरले, भाडेपावती मोठ्या काकांच्या नावावर राहिली. ‘आपलेच आहेत’ म्हणत वर्षं गेली. चाळ पाडली तेव्हा फ्लॅट चुलतभावाला मिळाला आणि आम्ही ट्रंका घेऊन डोंबिवलीला.

एवढं पाहूनही मी तिकडे जर्मनीत असताना काय केलं? मालक म्हणाला नोंदवू नकोस, मी मान डोलावली. भाडं कमी होतं ना! लेटरबॉक्सवर नाव नाही, म्हणून पोस्टमन पत्रं परत न्यायचा. त्यातच एक परवान्याचं होतं. सात महिन्यांत मुंबईला परत. आई आजारी होती म्हणून आलो असं मी सगळ्यांना सांगतो. होतीही आजारी. मी काही खोटं बोललेलो नाही.

असो. पुन्हा सांगतो, नाव लागत नसेल तर घर नको. महिनाभर होस्टेलच्या बंकवर झोप, पण नको. हट्टी म्हण मला, तुझी काकूही म्हणते.

उद्या त्या खोलीवाल्या बाईंना सरळ विचार, सही देता का? आढेवेढे घेतले तर चहालासुद्धा थांबू नकोस. दुसरी खोली मिळाली की लेटरबॉक्सवर आडनाव लाव आणि मला फोटो पाठव.

काका