डोक्याला मार लागल्यानंतर कानशिलावर ठोके देणारी गाठ आली आहे. काय असेल?

दुचाकीवरून पडून सहा महिने झाले, तेव्हा सीटी स्कॅन नॉर्मल होता, आणि आता कानशिलावरच्या मऊ गाठीला ठोके लागतात, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण माझ्या धाकट्या भावाचं अगदी हेच झालं होतं.

त्याला सीझनचा चेंडू लागला होता. टेंगूळ आठवड्यात उतरलं. चारेक महिन्यांनी त्याच जागी गाठ आली. जवळच्या एका डॉक्टरांनी चरबीची गाठ म्हणून लगेच कापून काढायचं ठरवलं. आदल्या रात्री डोक्याला तेल लावताना आई म्हणाली, "अरे, ही तर उडतेय!" म्हणून आम्ही थांबलो.

डॉपलर सोनोग्राफीत, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, उलगडा झाला. एरवी धमनीतलं जोराचं रक्त केसाहून बारीक वाहिन्यांतून जाऊन, जोर ओसरल्यावरच शिरेत उतरतं. मारामुळे धमनी आणि तिला लागून असलेली शीर एकाच जागी फाटल्या, की भरून येताना कधी कधी एकमेकींना जोडल्या जातात. मग पातळ भिंतीची शीर धमनीच्या दाबाने फुगते, नागमोडी होते, कानात नाडीच्या तालावर सूंसूं येतं. याला फिस्टुला म्हणतात. कानापुढून वर जाणारी धमनी कातडीखाली, थेट हाडावर असते, म्हणून बहुतेकदा तीच सापडते. पूर्वी कोपराची शीर उघडून रक्त काढताना पातं धमनीत गेलं तरी असंच व्हायचं. लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी ते १७५७ सालीच लिहून ठेवलंय. मेंदूसाठी काढलेल्या साध्या सीटीत हे नजरेतून सहज सुटतं.

कळकळीने सांगतो, डॉपलर झाल्याशिवाय गाठीत सुई घालू देऊ नका, चीर तर नाहीच. रक्त आवरत नाही. चोळूही नका. रक्त आलंच तर कापडाने घट्ट दाबून धरा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. डोळा लाल होऊन पुढे येत असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर असाच जोड डोळ्यामागे झालेला असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

नुसती धमनी बांधून भागत नाही, कारण डोक्याच्या कातडीतल्या वाहिन्यांचं जाळं दाट असतं आणि रक्त दुसऱ्या वाटेने पुन्हा येतं. भावाची अँजिओग्राफी करून, जांघेतून नळी घालून तो जोड गोंदासारख्या औषधाने बुजवला, मग गाठ काढली. न्यूरोसर्जनना भेटा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "गाठीला ठोके लागतात."